आधी प्रार्थना हलवायची, मग क्रूस

वसईच्या पश्चिम पट्ट्यात रस्ता रुंद होणार असं कळलं की आधी दुकानांची चर्चा होते, मग कंपाउंडांची, आणि सगळ्यात शेवटी कुणीतरी विचारतं, "आणि नाक्यावरच्या क्रुसाचं काय?" तोवर खुणेचे दगड रोवून झालेले असतात. पन्नाशीच्या पुढच्या लोकांना हा प्रश्न जास्त टोचतो. त्यांच्या लहानपणातलं बाकी सगळं आधीच गेलेलं असतं. रहाट कधीच थांबले. बावखलं, म्हणजे वाड्यांमधली तळी, भरावाखाली गेली. केळीच्या वाडीतून चर्चला जाणारी पायवाट आता एका सोसायटीच्या पार्किंगमधून जाते, म्हणजे जातच नाही. उरतो तो आळीच्या तोंडाशी असलेला दगडी क्रूस, आणि तोही सहा मीटर मागे सरकणार असतो.

आमचं काम इथे सुरू होतं. असे क्रूस उतरवून नव्या जागी उभे करणं, आणि त्यांच्याभोवतीची संध्याकाळची जपमाळ, मे महिन्याची प्रार्थना, ईस्टरआधीच्या उपवासकाळातली क्रुसाची वाट (येशूच्या दुःखसहनाची चौदा स्थानं फिरत केलेली प्रार्थना) चालू ठेवणं ही दोन्ही कामं आम्ही आळीतल्या लोकांबरोबर करतो. या कामाचा एक नियम आम्ही कुठेच मोडत नाही. आधी प्रार्थना नव्या जागी न्यायची, क्रूस त्यानंतर. बहुतेक ठिकाणी नेमकं उलट होतं. क्रूस घाईने उचलतात, संगमरवरी फरशीचा चौथरा बांधतात, आशीर्वादाच्या दिवशी मंडप घालतात, तीनशे माणसं येतात, आणि पुढच्या शुक्रवारी तिथे चिटपाखरू नसतं. लोकांचे पाय अजून जुन्याच नाक्याकडे वळत असतात, आणि जुन्या नाक्यावर आता डिव्हायडर असतो. दोन-तीन महिन्यांत सवय तुटते. एकदा तुटलेली सवय पुन्हा लावणं हे चारशे किलोचा दगड उचलण्यापेक्षा कठीण काम आहे, आणि त्यासाठी चेनपुली मिळत नाही.

प्रार्थना हलवायला ऑक्टोबर उत्तम. तो जपमाळेचा महिना, म्हणजे लोक रोज संध्याकाळी जमतातच. एकतीस संध्याकाळी मिळतात आणि पाऊस ओसरत असतो. संभाव्य जागी एका स्टुलावर पांढरं कापड टाकून हातभर उंचीचा लाकडी क्रूस ठेवायचा, दोन मेणबत्त्या लावायच्या आणि जपमाळ सुरू करायची. पाच दशकांची, म्हणजे दहा-दहा मण्यांच्या पाच गटांची जपमाळ, लुतानी (एकाने म्हणायची आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायची विनवणी) आणि एक गीत धरून अर्धा तास पुरतो. या महिन्यात जागेची जी परीक्षा होते ती कुठल्याही सर्वेक्षणात होत नाही. वारा कुठून येतो आणि मेणबत्ती कुठल्या बाजूला विझते, वयस्कर बाया कुठे टेकतात, सातच्या सुमारास मोटरसायकली कुठून घुसतात, परतीच्या पावसाचं पाणी कुठे साचतं, हे सगळं उघडं पडतं. ठरवलेली जागा दहाव्या-बाराव्या दिवशी पंधरा फूट सरकते, असं हमखास होतं. सरकू द्यावी. स्टूल उचलायला पैसे लागत नाहीत.

सोसायटीच्या आवारातली जागा कुणी प्रेमाने देऊ केली तरी आम्ही सहसा नको म्हणतो. आवाराला फाटक असतं, फाटकाला वेळ असते, आणि कमिटी दर काही वर्षांनी बदलते. क्रूस वाटेवर हवा. शाळेतून येणाऱ्या पोराला थांबून कपाळावर खूण करता आली पाहिजे.

हे सगळं नवीन आहे असं कुणी मानू नये. वसईचा इतिहासच या गोष्टीचा सर्वांत मोठा दाखला आहे. 1534 च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि पुढच्या काळात किल्ल्यात फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन अशा संघांची चर्चेस आणि मठ उभे राहिले. मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला, मिशनरी निघून गेले, आणि कालांतराने त्या इमारतींची छपरं गेली. आज त्या कमानींत वडपिंपळ उगवतात आणि प्रीवेडिंगचे फोटो निघतात. पण किल्ल्याबाहेरच्या गावांमधले धर्मग्राम, म्हणजे एकेका चर्चभोवतीची मंडळी, टिकले. आगाशी, नंदाखाल, निर्मळ, सांडोर, रमेदी, पापडी इथे घंटा वाजत राहिली. 1998 मध्ये वसई स्वतंत्र धर्मप्रांत झाला तेव्हा कॅथेड्रलचा, म्हणजे बिशपांच्या मुख्य चर्चचा मान किल्ल्यातल्या एखाद्या भव्य अवशेषाला मिळाला नाही, तो पापडीच्या चर्चला मिळाला, कारण माणसं तिथे होती. संत गोन्सालो गार्सिया याच वसईचे. 5 फेब्रुवारी 1597 रोजी जपानमध्ये नागासाकीला त्यांना क्रुसावर चढवलं आणि 1862 मध्ये त्यांना संतपद मिळालं. त्यांच्या बालपणातलं नगर उद्ध्वस्त झालं, त्यांच्या नावाचं चर्च मात्र गासमध्ये रोज उघडतं. मीटिंगमध्ये कुणी फारच हळवं झालं की आम्ही एवढंच सांगतो आणि कागदपत्रांकडे वळतो.

कागदपत्रं हा या कामाचा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात निर्णायक भाग. सर्वोच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2009 च्या आदेशाने सार्वजनिक जागेवर नवं अनधिकृत धार्मिक बांधकाम होऊ देऊ नये असं म्हटलं. त्याआधीच्या बांधकामांचं काय करायचं, म्हणजे नियमित करायचं, स्थलांतरित करायचं की काढायचं, हे राज्यांनी एकेक प्रकरण पाहून ठरवायचं. त्यामुळे आपला क्रूस जुना आहे हे तोंडाने सांगून भागत नाही, कागदावर दाखवावं लागतं. सातबारा, फेरफार, गावनकाशा किंवा सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड आधी काढायचं. त्यावरून क्रूस रस्त्याच्या हद्दीत आहे, कुणाच्या खाजगी जमिनीत आहे की चर्चच्या, हे समजतं. या तीन गोष्टींची वाट तीन वेगळ्या टेबलांकडे जाते आणि चुकीच्या टेबलावर दिलेला अर्ज महिनोन्महिने पडून राहतो.

पुराव्यात सगळ्यात उपयोगी पडतात ते लग्नाचे जुने फोटो. वरात क्रुसापाशी थांबते, नवरा-नवरी हार घालतात आणि फोटोग्राफर तिथे एक फोटो काढतोच. त्यात मागचं घर, विजेचा खांब, रस्त्याची रुंदी, कधी कधी चौथऱ्यावरचं साल, सगळं येतं. आळीतल्या घरांतून असे दहा-बारा अल्बम मागवले की तारखांची साखळी तयार होते. फोटोच्या मागे लग्नाची तारीख लिहून घ्यायची आणि ती चर्चच्या विवाहनोंदीशी ताडून पाहायची. हा पुरावा सहसा कुणी खोडून काढू शकत नाही.

आणि एक विजेचं बिल. क्रुसावरच्या दिव्याची वायर बहुधा शेजारच्या एखाद्या घरातून आलेली असते. वर्षानुवर्षं त्या घराने बिल भरलेलं असतं, म्हणून त्या घराला क्रूस आपला वाटतो, आणि त्यात गैर काही नाही. पण नव्या जागी जाताना हा विषय आधी काढला नाही तर तो नेमका मिरवणुकीच्या आदल्या दिवशी निघतो. त्या घराकडून लेखी संमती घ्यायची आणि आशीर्वादाच्या दिवशी पहिली मेणबत्ती लावण्याचा मान त्यांनाच द्यायचा. नव्या जागेचा मालक वेगळा असेल तर तोंडी शब्दावर विसंबायचं नाही. बक्षीसपत्र किंवा निदान नोंदणीकृत संमतिपत्र चर्चच्या ट्रस्टच्या नावाने हवं. आजचा उदार माणूस उद्या जमीन विकतो, आणि विकत घेणाऱ्याला क्रूस माहीत नसतो.

आता दगड. आपल्याकडचे जुने क्रूस बहुतेक काळ्या पाषाणाचे, चुन्यात बसवलेले. पायऱ्यांचा चौथरा, त्यावर बैठकीचा चौकोनी दगड, त्यात खाच, खाचेत बसणारा खांब, खांबावर आडवे हात आणि वरचा तुकडा. चौथऱ्याच्या अंगात मेणबत्तीचा कोनाडा. काही ठिकाणी दगडी बैठकीवर सागवानी क्रूस असतो, नंतरच्या काळातले काँक्रीटचे आणि टाइल्सचे असतात. काँक्रीटचा क्रूस हलवण्याच्या भानगडीत पडू नये. आतली सळई गंजलेली असते आणि उचलताना तो दुभंगतो. त्याचं शिलालेखाचं फळकं तेवढं सोडवून घ्यावं आणि नवा घडवावा.

उतरवण्याआधी मोजमाप. चारही बाजूंनी फोटो घ्यायचे आणि प्रत्येक फोटोत टेप उभी धरायची. क्रुसाचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते होकायंत्राने नोंदवायचं, कारण नव्या जागी मंडप पाहून तोंड फिरवण्याचा मोह सगळ्यांना होतो. शिलालेखाचा ठसा घ्यायचा असतो. पातळ कागद अक्षरांवर चिकटपट्टीने ताणून बसवायचा आणि कोळशाचा तुकडा आडवा धरून हलक्या हाताने फिरवायचा. ऑइलपेंटच्या थरांखाली बुजलेली अक्षरं बोटाला लागत नाहीत, पण ठशावर उमटतात. दर सणाला रंग काढायची पद्धत असल्याने हे थर नखाएवढे जाड झालेले असतात, पांढऱ्याखाली निळा, निळ्याखाली चंदेरी. तो रंग इथेच, उतरवण्यापूर्वी, पेंट रिमूव्हर लावून लाकडी पट्टीने काढायचा. ग्राइंडर लावला की अक्षराची धार जाते, आणि त्या धारेतच कोरणाऱ्याचा हात असतो.

प्रत्येक दगडावर नंबर घालायचा तो दर्शनी बाजूला नाही, सांध्याच्या आतल्या बाजूला, आणि तो तैलरंगाने. खडूचा नंबर टेम्पोत पोचेपर्यंत पुसला जातो.

वजनाचा अंदाज लोकांना नसतो. काळ्या दगडाचं वजन घनफुटाला साधारण ऐंशी किलो धरावं. एक फूट रुंद, एक फूट जाड आणि पाच फूट उंच खांब म्हणजे चारशे किलो. चार धट्टेकट्टे पोरगे दोर लावून उतरवतील ही कल्पना सोडून द्यायची. लोखंडी पाइपांची तिकाटी, एक टनाची चेनपुली आणि रुंद नायलॉनचे पट्टे पुरतात. पट्ट्याखाली गोणपाटाच्या घड्या घालायच्या. तारेचा दोर थेट दगडाला लावला की कडा उडते. जेसीबी फुकट देणारा माणूस प्रत्येक आळीत असतो आणि त्याला नम्रपणे नाही म्हणावं लागतं. बकेटचा एक धक्का बसला की खांब बैठकीच्या खाचेपाशी तुटतो, कारण तिथे त्याची जीभ निम्म्या जाडीची असते.

उतरवताना वरून खाली यायचं. चुन्याचे सांधे हॅक्सॉच्या पात्याने आणि पातळ छिन्नीने दाद देतात. खरा त्रास देतं ते मागच्या पन्नास वर्षांतलं सिमेंटचं ठिगळ. सिमेंट सांध्यात घट्ट बसतं आणि ओढलं की स्वतः न निघता दगडाची कपची घेऊन येतं. तिथे ड्रिलने जवळजवळ भोकं पाडून सिमेंट आधी पोकळ करायचं, मगच छिन्नी धरायची. आत लोखंडी खिळा निघाला तर तो गंजून फुगलेला असणार आणि दगडाला उभी चीर असणार. खिळा परत वापरायचा नाही. नव्या जागी स्टेनलेस स्टीलची कांब घालायची. समुद्राकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यात साधी सळई टिकत नाही. चौथऱ्याच्या पोटात पदक, नाणं, काचेची कुपी असं काही मिळालं तर काम थांबवायचं, फादरांना बोलवायचं, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन वस्तू चर्चमध्ये ठेवायची. तुटके तुकडे राबिटात, म्हणजे बांधकामाच्या कचऱ्यात, जात नाहीत. आशीर्वादित वस्तू जाळायची किंवा पुरायची असा चर्चचा जुना प्रघात आहे, त्यामुळे दगडाचे तुकडे नव्या चौथऱ्याच्या पायात जातात.

पाया घेताना वसईत एक गोष्ट कायम तपासायची. आपण उभे आहोत ती जमीन मूळची आहे की भरलेल्या बावखलाची? वरून कळत नाही. जुन्या माणसांना विचारायचं आणि तीन-चार फूट खड्डा घेऊन पाहायचं. विटांचे तुकडे, प्लास्टिक, काळा गाळ लागला तर जागा सोडायची, नाहीतर मूळ मातीपर्यंत खाली जायचं. भरावावरचा चौथरा पहिल्या दोन पावसाळ्यांत एका कोपऱ्यात खचतो आणि क्रूस कलतो, आणि मग गावात शकुन-अपशकुन सुरू होतात. ज्या बावखलात लहानपणी पोहलो त्याच्यावरच क्रूस ठेवू या, असा भावनिक प्रस्ताव येतो. प्रस्ताव गोड आहे, माती वाईट आहे.

कठीण जमिनीवर सहा इंच दगडी सोलिंग, त्यावर एकास चार-आठचं चार इंच काँक्रीट, आणि तिथून वर सगळं चुन्यात. चुना निदान तीन आठवडे भिजवून मुरवलेला हवा. एक भाग चुना, एक भाग विटांची सुरखी, दोन भाग चाळलेली रेती. रेती नदीची किंवा धुतलेली. खाडीची रेती स्वस्त मिळते, पण तिच्यातलं मीठ पुढे सांध्यांतून पांढरं फुटतं आणि दगडाचे पापुद्रे सोडवतं. चुन्यावर ओली गोणपाटं पंधरा दिवस तरी हवीत, ऊन थेट लागता कामा नये. चौथऱ्याच्या माथ्याला बाहेरच्या बाजूला हलका उतार द्यायचा. सपाट माथ्यावर मेण आणि पाणी एकत्र साचतं आणि दगड काळा पडतो.

मुहूर्ताबद्दल दर वेळी वाद होतो. 14 सप्टेंबर, पवित्र क्रुसाच्या विजयाचा सण, हा दिवस सगळ्यांच्या मनात असतो, आणि तो आहेही शोभणारा. पण तो गाठायचा तर बांधकाम ऑगस्टच्या पावसात करावं लागतं, आणि चुना ओलाच राहतो. आमचं वेळापत्रक वेगळं आहे. ऑक्टोबरमध्ये प्रार्थना हलते, नोव्हेंबरमध्ये पाया आणि चौथरा, नाताळ उरकला की जानेवारीत क्रूस उतरवून नव्या जागी उभा, आणि राखेच्या बुधवाराआधी आशीर्वाद. म्हणजे उपवासकाळातला पहिलाच शुक्रवार नव्या क्रुसापाशी येतो. वाचनं मात्र 14 सप्टेंबरची घेता येतात. बायबलमधल्या गणना पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायातला पितळी सर्प, फिलिप्पैकरांच्या पत्रातलं ख्रिस्ताच्या नम्रतेचं स्तोत्र, योहानाच्या तिसऱ्या अध्यायातलं निकदेमाशी झालेलं संभाषण.

आम्ही त्यात यहोशवाचा चौथा अध्याय आवर्जून सुचवतो. इस्राएल लोक यार्देन ओलांडतात तेव्हा नदीच्या पात्रातून बारा दगड उचलायला सांगितलं जातं. ते दगड खांद्यावरून नेऊन गिलगालला उभे करतात, म्हणजे उद्या मुलं विचारतील की हे दगड कशाचे. दगड जिथे घटना घडली तिथे राहिले नाहीत, मुक्कामाला आले. हे वाचून झाल्यावर "पण जागा तर ती नाही" ही कुरबुर बरीच खाली येते. इब्री लोकांस पत्राच्या तेराव्या अध्यायात "येशू ख्रिस्त काल, आज आणि युगानुयुग सारखाच आहे" हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, ते कॅलेंडरांवर छापतात. सहाच वचनांनंतर तोच लेखक म्हणतो की इथे आपल्याला कायमचं नगर नाही. ते वचन कॅलेंडरावर येत नाही. दोन्ही एकत्र वाचावीत, अर्थ तेव्हाच पुरा होतो.

मिरवणुकीत दगडी क्रूस टेम्पोत, आधीच बांधून, झाकलेला. पुढे लहान लाकडी क्रूस, मेणबत्त्या, मुलं, गायनमंडळ, मग टेम्पो, मग बाकी सगळे. मध्ये एक जपमाळ बसते इतकं अंतर असेल तर सोयीचं, म्हणजे चालत वीस मिनिटांचं. जास्त लांब असेल तर मधल्या एखाद्या घरापाशी थांबा ठरवायचा. दगड त्याच दिवशी बसवण्याचा हट्ट धरू नये. खांब आदल्या आठवड्यात ओळंब्यात बसवून, सांधा भरून ठेवायचा आणि मिरवणुकीत फक्त वरचा तुकडा न्यायचा, हे सगळ्यात सुरक्षित. गर्दीत चेनपुली चालवायची वेळ येत नाही.

यानंतर क्रुसाच्या वाटेचा नकाशा नव्याने करावा लागतो. गावातून फिरणाऱ्या वाटेची चौदा स्थानं जुन्या घरांना, विहिरींना, नाक्यांना बांधलेली असतात. अर्धी ठिकाणं गेलेली असतात. चित्रं नसली तरी चालतात, चौदा क्रूस हवेत, आणि शक्य तिथवर स्थानापासून स्थानापर्यंत चालणं हवं. म्हणून आम्ही वीतभर उंचीचे चौदा लाकडी क्रूस करून घेतो, त्यांच्या मागे नंबर, आणि ते चौदा घरांना वर्षभर सांभाळायला देतो. इमारतीत राहणारं कुटुंब शुक्रवारी संध्याकाळी तो क्रूस फाटकाबाहेर टेबलावर मांडतं. वाडी गेली, स्थान राहिलं. ज्यांना हा क्रूस मिळतो त्यात गेल्या पाच-दहा वर्षांत राहायला आलेली, केरळची, मंगलोरची, गोव्याची कुटुंबंही असावीत. त्यांच्या लहानपणाच्या जागा आणखी लांब राहिल्या आहेत.

संध्याकाळच्या प्रार्थनेची पाळी कागदावरच हवी. व्हॉट्सअॅपवरचा निरोप वर सरकतो आणि विसरला जातो. फ्रीजवर चिकटवता येईल असा एक तक्ता पुरतो: तारीख, घर, प्रार्थना कोण चालवणार, गीत कोण धरणार, मेणबत्त्या कोण आणणार. चालवणारं माणूस सलग दोन आठवडे तेच येता कामा नये. आळीतल्या बहुतेक प्रार्थना एकाच बाईच्या आवाजावर वर्षानुवर्षं चाललेल्या असतात. तिचा गुडघा दुखायला लागला की प्रार्थना बंद पडते, आणि लोक म्हणतात की श्रद्धा कमी झाली. श्रद्धेला काही झालेलं नसतं, बदली माणूस तयार केलेला नसतो.

तिच्याकडची गीतं आधी उतरवून घ्यायची. मराठी गीतपुस्तकात आहेत ती राहतीलच. कादोडी आणि वाडवळी या इथल्या बोलींत म्हटली जाणारी जुनी गीतं कागदावर क्वचितच आहेत. फोनवर रेकॉर्डिंग करताना पंखा बंद ठेवायचा, आधी नुसते शब्द सावकाश बोलून घ्यायचे, मग चालीवर. चालीवर म्हणताना शब्द गिळले जातात. संध्याकाळच्या प्रार्थनेला परदेशी गेलेलीही फोनवरून जोडली जातात. वसईत सात वाजता दुबईत साडेपाच असतात, तिथल्यांना कामावरून जमत नाही. टोरंटोला हिवाळ्यात सकाळचे साडेआठ, त्यामुळे तिकडची माणसं ट्रेनमधून कान देतात. त्यांनी जपमाळेचं एक दशक चालवायचं असा नेम ठेवला की ती नुसती ऐकणारी राहत नाहीत. मात्र फोन मध्ये ठेवून सगळे त्याच्याकडे तोंड करून बसले की प्रार्थनेची व्हिडिओ मीटिंग होते. फोन कोपऱ्यात, तोंडं क्रुसाकडे.

जुन्या जागेवर काय ठेवायचं, हा प्रश्न शेवटी येतो. आमचं मत स्पष्ट आहे, काहीही नाही. फरशीवर कोरलेली खूण केली की तिच्यावरून टायर जातात, आणि काही दिवसांनी कुणीतरी तिथे मेणबत्ती लावतो, मग अपघात होतो. जुन्या जागेचे फोटो, शिलालेखाचा ठसा आणि मोजमापांची वही चर्चच्या कार्यालयात एका फायलीत ठेवावी, दुसरी प्रत आळीत. पुढचा रस्ता येईल तेव्हा हीच फाइल पुन्हा लागेल.

पहिल्या पावसाळ्यात तीनदा पाहणी करायची: पहिल्या जोरदार सरीनंतर, जुलैच्या मध्यावर आणि सप्टेंबरात. ओळंबा लावून खांब सरळ आहे का ते पाहायचं, सांध्यात चीर आहे का, पाणी चौथऱ्याला टेकून उभं राहतं का. शेवाळ आलं तर तारेचा ब्रश नको, काथ्याचा ब्रश आणि साधं पाणी. मेणबत्त्या दगडावर न चिकटवता रेती भरलेल्या पत्र्याच्या ट्रेमध्ये लावायच्या, हारांसाठी मागच्या बाजूला स्टेनलेसचे दोन आकडे. आणि सणाच्या आदल्या दिवशी चंदेरी ऑइलपेंटचा डबा घेऊन कुणी आलंच, तर त्याला कोनाड्याची आतली बाजू चुन्याने रंगवायला द्यावी. त्याचाही हात लागतो, दगडही वाचतो.